साक्षीदार हवेत, ओळखणारे

कॅनडात, मिल्टनमधले आमचे शेजारी दामलेकाका दुसऱ्याच्या गाडीत बसताना आधी दार तीनदा उघडून लावून बघतात. जवळच्या केंब्रिजच्या कार प्लँटमध्ये क्वालिटी तपासण्यात त्यांची सगळी हयात गेली. रिटायर झाले, पण तपासणी सुटली नाही. पोहे खाल्ले की "पास", आमचा बर्फ शोव्हल केलेला ड्राइव्हवे बघितला की "रिजेक्ट", आणि स्वतःच पुन्हा शोव्हल करणार.

काकू दोन वर्षांपूर्वी गेल्या. मुलगी व्हँकुव्हरला. उद्या आपलं डोकं चालेनासं झालं तर उपचारांचे निर्णय तिने घ्यावेत, म्हणून काकांनी पॉवर ऑफ अ‍ॅटर्नी करायला घेतली. नात्यातले नसलेले दोन साक्षीदार हवे होते.

वकीलबाई म्हणाल्या, "आमच्या ऑफिसातले दोघं सही करतील."

"ते मला ओळखत नाहीत," काका म्हणाले. "माझं डोकं ठिकाणावर आहे, हे त्यांना काय कळणार?"

मग तोंडी परीक्षा सुरू झाल्या. बागेत फिरायला येणारे गुप्ताजी "दामलेजी तो बहुत शांत आदमी हैं" म्हणाले आणि जागीच रिजेक्ट झाले. एका संध्याकाळी काका आमच्याकडे आले.

"मी चिडलो की काय करतो?"

"तुम्ही कुठे चिडता, काका?" मी म्हणालो.

"खोटं. रिजेक्ट."

स्वयंपाकघरातून मानसी म्हणाली, "गॅरेज झाडता. झाडलेलंच पुन्हा झाडता."

काका तिच्याकडे बघत राहिले. "पास," म्हणाले. "नवऱ्याला ग्रेस मार्क दे."

वकीलबाईंकडे काम पाच मिनिटांत उरकलं. काकांचा चेहरा उतरला. "यांना काही विचारणार नाही? मला किती ओळखतात वगैरे?" बाई हसल्या. "नो नीड, सर."

परतताना गाडीत मी सहज विचारलं, "काका, मिसिसागात तुमचे जुने मित्र आहेत ना, जोशी? त्यांना का नाही बोलावलंत?"

"फोन केला होता." काका खिडकीबाहेर बघत होते. "त्याने पहिलंच विचारलं, वहिनी कशा आहेत?"

मानसीने मागे वळून पाहिलं.

"त्याचा दोष नाही. ती गेली तेव्हा मी कुणाकुणाला कळवलंच नाही. कळवायला बसलो की तेच वाक्य लिहावं लागायचं."

"मग काय सांगितलंत?"

"बरी आहे म्हणालो. गुडघे दुखतात थंडीत, म्हणालो. तो म्हणाला, तिळाचं तेल लाव. बराच वेळ बोलत होतो आम्ही तिच्याबद्दल."

बाहेर बर्फ भुरभुरायला लागला होता. मानसीने हात मागे नेऊन त्यांच्या हातावर ठेवला. काकांनी आपला हात काढून घेतला नाही.