परब सरांची दोन रबरं

परब सर रोज मनगटावर डझनभर रबरबँड चढवून शाळेत येतात. डब्याला एक रबर, चष्म्याच्या घराला दोन, छत्रीला तीन. आमच्या डिचोलीच्या हायर सेकंडरीत ते केमिस्ट्री शिकवतात आणि मी मराठी. सगळ्यांना ते विषयाच्या नावानेच हाक मारतात. एकदा माझ्या चहाच्या कपालाही त्यांनी रबर घातलं. का म्हणून विचारलं, तर म्हणाले, "अरे मराठी, शिस्त म्हणून काय आसा का नाय?"

प्रयोगशाळेत या शिस्तीला शास्त्राचा आधार होता. अल्केन आणि अल्कीन, दोन्ही दिसायला पाण्यासारखी. अल्केनमध्ये कार्बनचे सगळे बंध एकेरी, म्हणून त्या बाटलीला एक रबर. अल्कीनमध्ये एक बंध दुहेरी, म्हणून तिला दोन. दोन्हींत केशरी ब्रोमीन वॉटरचे थेंब टाकून हलवायचं. अल्कीनमध्ये रंग जातो, अल्केनमध्ये राहतो. मला हे सगळं तोंडपाठ आहे, कारण सरांचा आवाज दोन वर्ग ओलांडून माझ्या कवितेच्या तासात घुसतो. "गेलो काय रवलो? बघून सांग!"

सर स्वतः नळीला हात लावत नाहीत. ओतायचं मुलांनी, हलवायचं मुलांनी आणि सांगायचंही मुलांनीच. कुणी पाठ केलेलं उत्तर दिलं की संपलंच. "पुस्तकवाल्यान बघितल्यान. तू काय बघितलंस?" त्यातून मीही सुटत नाही. "तुमचा बरा आसा, मराठी. बघूक नाय त्याचा वर्णन करतात आणि मार्कां मिळवतात!"

सर राहतात पेडण्याला. म्हापशाला बस बदलतात, तिथे आमची कधी कधी गाठ पडते. बसच्या पाटीकडे हा माणूस ढुंकून बघत नाही. "पाटी फटी मारता. कंडक्टर काय बोंबलता तां आयक." खोटं बोलणाऱ्या पाट्यांवर त्यांचा फार राग.

यंदा नव्या प्राचार्यबाई आल्या. ब्रोमीनचा त्रास कशाला, प्रयोग पडद्यावर व्हिडिओत दाखवा, असं त्यांचं म्हणणं. सर हट्टाला पेटले. "बाई, व्हिडिओत रंग जातलोच. तो खंय रवतलो? पोरांनी आपल्या डोळ्यांनी बघूक होया." शेवटी ठरलं, की बाईंनी एक प्रॅक्टिकल स्वतः पाहावं आणि मग काय तो निकाल द्यावा. सरांनी मला साक्षीदार म्हणून बोलावलं.

आता माझा पराक्रम सांगतो. त्याच सकाळी मला उत्तरपत्रिकांचा गठ्ठा बांधायचा होता. प्रयोगशाळेत डोकावलो, तर टेबलावरच्या एका बाटलीला दोन रबरं. घाईत बाटल्यांचं गणित माझ्या ध्यानातच आलं नाही, एकाने काय बिघडतंय म्हणून मी एक काढून घेतलं.

प्रॅक्टिकल सुरू झालं. बाई दाराशी उभ्या, शेजारी मी. सरांनी बाटली उचलली, तिच्या गळ्यावरून बोट फिरवलं आणि ऐटीत म्हणाले, "एक रबर. म्हणजे अल्केन. रंग हलूचो नाय." पहिल्या बाकावरच्या मुलीने नळीत ते ओतलं, ब्रोमीन वॉटर टाकलं, हलवलं. केशरी रंग बघता बघता नाहीसा झाला.

"बघितलास? गेलो काय रवलो?"

मुलीने एकदा बाईंकडे पाहिलं, एकदा सरांच्या प्रसन्न चेहऱ्याकडे.

"रवलो, सर."

"रवलो, सर," मागून आणखी चार-पाच आवाज आले.

मला माझं सकाळचं रबर आठवलं, आणि मेल्याहून मेल्यासारखं झालं. सरांना रंग दिसत नव्हता. मुलांना ते केव्हापासून माहीत होतं, आणि मी मात्र रोज त्यांच्यासोबत चहा पीत होतो.

त्या आवाजांत पाठ केलेलं उत्तर ऐकून सरांचं हसू मावळलं. त्यांनी नळी मागून घेतली आणि लांब धरून हाताने हलकेच वास नाकाकडे ओढून घेतला. ब्रोमीनचा तो नाकात झोंबणारा वास नव्हता, म्हणजे ब्रोमीन उरलंच नव्हतं.

"फटी मारू नाकात!" ते कडाडले. "रंग गेलो. बाटली माझी चुकली. माका दिसणा नाय म्हणून तुम्ही खोटां सांगतलात?"

मुलगी रडायला लागली. बाईंनी हळूच विचारलं, "सर, कधीपासून?"

"दोन वर्सां झाली. डॉक्टर म्हणता, आता सुधारूचा नाय." सर ताठ उभे होते. "पण बाई, प्रॅक्टिकल पोरांचा. बघूचा त्यांनी. मी फक्त विचारतंय."

बाईंनी सरांच्या हातातली नळी घेऊन उजेडात धरून पाहिली. मग म्हणाल्या, "प्रॅक्टिकल चालू राहू दे. बाटल्या हाताळायला मात्र सोबत कुणीतरी राहील." मग मुलीच्या पाठीवर हात ठेवून त्या निघून गेल्या.

वर्ग सुटल्यावर मी गठ्ठ्याचं रबर काढून सरांच्या हातात ठेवलं आणि गुन्हा कबूल केला. आता शिव्या पडणार म्हणून उभा राहिलो. सरांनी चाचपत ते रबर बाटलीला चढवलं.

"मराठी, एक नळी भर. ह्यातला घाल, थोडासाच."

घाबरत घाबरत भरली. वर ब्रोमीन वॉटर टाकलं.

"आता सांग, कसो दिसता?"

"कोऱ्या चहासारखा."

"चाय नको. बघून सांग."

आयुष्यभर मुलांना रसग्रहण शिकवलं, पण तेव्हा मला एकही उपमा सुचेना. "केशरी आहे, सर. आता हलवतो. फिकट झाला. पिवळट. अजून थोडा तळाशी आहे. पुन्हा हलवतो... गेला. पाणी झालं."

सर डोळे मिटून ऐकत होते.

"हां," ते म्हणाले. "तसोच जायचो."