मिनमावशीची हरकत

एका जंगलात, बाळांनो, सिंहमहाराजांनी सगळा कारभार संगणकावर नेला होता. नीट बसा, शेपट्या ओढू नका.

तिथल्या टेकडीवर मिनमावशी नावाची म्हातारी पांडा राहायची. तिची आई पूर्वेकडून आली होती आणि तिने तिथे बांबूचं बन लावलं होतं. मावशी त्याच्यावरच जगे. दरबाराने ते बन तोडून हत्तींसाठी रस्ता काढायचं ठरवलं. हरकत असेल त्याने संगणकावर, आपापल्या भाषेत लिहावी, असं फर्मान निघालं. मावशीला हायसं वाटलं.

आता तिच्या भाषेची गंमत ऐका. आधी शब्दाचा उच्चार टंकायचा. मग खाली त्या उच्चाराची चिन्हं रांगेत उभी राहतात. हवं ते निवडून मोठं बटण दाबलं, की शब्द पक्का.

मावशीला लिहायचं होतं, 'आईने लावलेलं बन तोडू नका.' तिने 'मा' टंकलं. खाली आई आली, घोडा आला, एक शिवीही आली. तिने आई निवडली आणि मोठं बटण दाबलं.

अर्ज गेला. नुसता 'मा'.

संगणकाचा प्रोग्राम सुतारपक्ष्याने लिहिला होता, आणि त्याच्या लेखी मोठं बटण म्हणजे 'पाठवा'. त्याने तो स्वतः तपासला होता. सुतारांच्या भाषेत शब्द एकच, 'टक'.

मावशीने पुन्हा लिहून पाहिलं. मग आणखी एकदा. शेवटी रडकुंडीला येऊन ती सुताराकडे गेली.

"मग बटण दाबू नका ना, मावशी."

"न दाबता आई कशी उमटेल रे?"

सुतार म्हणाला, पोपटाची तक्रार नाही, माकडाची नाही, तुमचंच काहीतरी चुकतंय. आणि तो टकटक करायला निघून गेला.

दरबारात कोल्ह्याने तिन्ही अर्ज महाराजांपुढे ठेवले. मा, मा, मा. महाराजांनी अर्थ विचारला.

"'मान्य', महाराज. म्हातारीला गहिवरून आलंय, शब्द पुरा होत नाही. पण तीनदा म्हणाली."

महाराजांचेही डोळे पाणावले. सकाळी हत्ती आले. मावशी कडेला उभी राहून रडली, आणि जमलेल्यांना ते आनंदाश्रू वाटले. सुताराला 'भाषामित्र' किताब मिळाला. इतक्या मोठ्या मनाने संमती दिली म्हणून रस्त्याला मावशीचं नाव दिलं.

तात्पर्य: शब्द निवडून वापरू नयेत. निवडेपर्यंत आपला होकार पोहोचलेला असतो.