प्राध्यापक सापडत नाहीत

मुलगी तेव्हा दुसरीत होती की तिसरीत, हे प्राध्यापकांना आता खात्रीनं सांगता येत नाही. दुसरीत असावी, असं त्यांना वाटतं. बायको म्हणते तिसरीत. मुलीला विचारलं तर ती म्हणते, "बाबा, मी कितवीत आहे हे तुम्हाला तेव्हा तरी कुठे माहीत होतं?" तेव्हा इयत्तेचा प्रश्न बाजूला ठेवू. (प्राध्यापक तो अधूनमधून पुन्हा उकरून काढतात, पण त्यांच्याकडे लक्ष देऊ नका.) नक्की आठवतं ते एवढंच, की डॉक्टरांनी त्यांच्या दंडावरचा पट्टा सोडला आणि मोठा सुस्कारा टाकला.

डॉक्टर त्यांचेच जुने विद्यार्थी. त्यामुळे बोलणं आदरानं, पण जुना हिशेब चुकता केल्यासारखं.

"सर, रक्तदाब काठावर आलाय. तीन महिने देतो. उतरला तर उत्तम, नाहीतर गोळी. आणि ती एकदा सुरू झाली की जन्मभराची."

गोळ्यांची प्राध्यापकांना भयंकर धास्ती. डबीतल्या कागदावर बारीक अक्षरात छापलेले दुष्परिणाम ते शेवटच्या ओळीपर्यंत वाचत, आणि गोळी घेण्याआधीच त्यातले निम्मे त्यांना होत.

"दुसरा काही उपाय?"

"घाम काढा."

"आत्ता निघालाच आहे."

"असा नव्हे, सर. घरात मुलगी आहे ना? तिच्याबरोबर खेळा. रोज तासभर. ती धावेल तसं धावा."

प्राध्यापक घरी आले ते उजळलेल्या चेहऱ्यानं. गोळी टळणार होती, वर आदर्श पिता म्हणून नाव होणार होतं. त्यांनी मुलीला बोलावून सांगितलं, "उद्यापासून मी तुझ्याशी खेळणार आहे."

मुलगी आईकडे बघत म्हणाली, "मी काय केलं?"

पहिल्या दिवशी पकडापकडी झाली. म्हणजे मुलगी पळाली आणि प्राध्यापक जिन्याच्या पहिल्या वळणावर बसले. दुसऱ्या दिवशी दोरीउड्या. प्राध्यापकांची तिसरी उडी पूर्ण होते न होते तोच खालच्या मजल्यावरचे वकील वर आले. त्यांच्या केसांत चुन्याचे पोपडे होते.

"सर, घर पाडायचं असेल तर आधी नोटीस द्यावी लागते."

मग प्राध्यापकांनी विचार केला. (विचार करणं हा त्यांचा पेशा होता. संकटं बहुतेक तिथूनच सुरू होत.) महाविद्यालयात ते प्रकाशशास्त्र शिकवत. कुठलीही गोष्ट आकृती काढल्याशिवाय त्यांना पटत नसे. त्यांनी सगळ्या खेळांचा सांगोपांग अभ्यास केला आणि लपाछपी निवडली. लपाछपीत धावतो तो ज्याच्यावर राज्य असतं तो. लपणाऱ्यानं फक्त लपायचं. पण लपताना काळीज धडधडतं. म्हणजे हृदयाला व्यायाम होतोच, असं त्यांनी स्वतःला पटवलं. शिकलेल्या माणसाला स्वतःला पटवायला वेळ लागत नाही.

"राज्य कायम तुझ्यावर," त्यांनी मुलीला सांगितलं. "तुला सराव हवा."

जागाही त्यांनी शास्त्रोक्त शोधली. त्यांच्या अभ्यासाच्या खोलीत दाराच्या अगदी जवळ त्यांचं मोठं टेबल होतं, आणि टेबलामागे, खिडकीखाली, माणूस आडवा होईल एवढी जागा. दारात उभं राहून त्यांनी डोळ्यांपासून टेबलाच्या कडेपर्यंत रेषा धरली, कागदावर आकृती काढली आणि सिद्ध केलं की दारातून त्या जागेचा कणभरही दिसणं अशक्य आहे.

रोज संध्याकाळी बाहेर मुलगी भिंतीकडे तोंड करून मोजू लागली की प्राध्यापक उशी घेऊन टेबलामागे आडवे होत. सोबतीला 'व्यायाम आणि हृदय' या विषयावरचा जाडजूड ग्रंथ. दारापर्यंत मुलीची पावलं येत, क्षणभर थांबत, आणि मग निघून जात. पुढे तासभर शांतता. खिडकीखालच्या अंगणातून तेवढा मुलींचा आरडाओरडा येई, आणि त्यात एक आवाज थेट आपल्या मुलीसारखा वाटे. या वयात सगळ्या मुलींचे आवाज सारखेच असतात, असं म्हणून प्राध्यापक पान उलटत.

तासाभरानं मुलगी धापा टाकत येई. चेहरा लालबुंद, केस घामानं कपाळाला चिकटलेले.

"हरले, बाबा! या बाहेर!"

प्राध्यापक जांभई आवरत बाहेर येत. "किती दमलीस! अगं, नुसतं धावून उपयोग नाही. निरीक्षण हवं. खोलीचे मनातल्या मनात चौकोन पाडायचे आणि एकेक चौकोन तपासायचा."

"हो, बाबा."

"उद्या तसं करशील?"

"उद्या पण खेळायचं ना? नक्की?" मुलगी जरा काळजीनं विचारी.

प्राध्यापकांना भरून येई. बापाच्या सहवासासाठी लेकरू किती आसुसलंय! बायकोला ते म्हणाले, "माझी जरासुद्धा कुरकुर नाही. मुलांसाठी वेळ काढावाच लागतो."

"दिसतंय," बायको म्हणाली. "गालावर उशीची शिवण उमटलीय."

पण महिना उलटला, दुसरा संपत आला, तरी प्राध्यापक एकदाही सापडले नाहीत, आणि त्यांना नवीनच काळजी लागली. एवढंसं घर. त्यात एवढा मोठा बाप. पोर रोज दारापर्यंत येते आणि तशीच परत जाते. हिच्या डोळ्यांत तर काही दोष नाही? या विचारानं त्यांची दुपारची झोप गेली. (संध्याकाळची टेबलामागे भरून निघे.) एका रविवारी मुलीचा हात धरून ते डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेले. मुलीनं तक्त्यावरची सगळ्यात खालची ओळ वाचली, आणि तक्त्याच्या कोपऱ्यातलं छापखान्याचं नावही वाचून दाखवलं.

"नजर घारीची आहे हिची," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "तक्रार काय होती?"

"हिला मी दिसत नाही."

बाईंनी प्राध्यापकांकडे वरपासून खालपर्यंत, मग या बाजूपासून त्या बाजूपर्यंत पाहिलं. दुसऱ्या पाहण्याला जास्त वेळ लागला.

"आश्चर्य आहे," त्या म्हणाल्या.

मुलगी चपलेच्या पट्ट्याशी चाळा करत होती. तिनं मान वर केली नाही.

तीन महिने भरले. प्राध्यापक बायको आणि मुलीला घेऊन डॉक्टरांकडे गेले. साक्षीदार असावेत म्हणून. डॉक्टरांनी पट्टा बांधला, फुगवला, सोडला. पुन्हा बांधला. मग त्यांना वजनकाट्यावर उभं केलं, आणि काटा बिघडला असेल म्हणून स्वतः उभं राहून पाहिलं. काटा बिघडला नव्हता.

"सर, खेळलात का?"

"रोज. एक दिवस खाडा नाही. विचारा हिला."

"हो, डॉक्टरकाका," मुलगी म्हणाली. "रोज."

"कोणता खेळ?"

"लपाछपी."

"राज्य कुणावर?"

"तिच्यावर."

"रोज?"

"मी सापडतच नाही ना!" प्राध्यापक म्हणाले. आवाजातला अभिमान त्यांना लपवता आला नाही.

डॉक्टरांनी मुलीची नाडी पाहिली, तिच्या पायांच्या पोटऱ्या पाहिल्या आणि म्हणाले, "ठणठणीत. असा व्यायाम चालू ठेव." मग खाली मान घालून त्यांनी गोळीचं नाव लिहिलं.

"म्हणजे डॉक्टरांचा सल्ला घरात पाळला गेलाच," बायको परतताना म्हणाली. "फक्त माणूस चुकला."

गोळी त्या रात्री सुरू झाली, ती आजही चालू आहे.

पुढे मुलगी शिकली, धावण्याच्या शर्यती जिंकली, संसाराला लागली. मागे एकदा माहेरी आली असताना प्राध्यापक तिच्या नवऱ्याला आपलं लपण्याचं कौशल्य रंगवून सांगत होते, तेव्हा ती मध्येच हसली.

"बाबा, तुम्ही रोज दिसायचात."

"अशक्य."

"पुस्तक पोटावर उघडं, तोंडही उघडं. मी बघायचे आणि खाली पळायचे. एरवी आई अभ्यास झाल्याशिवाय सोडायची नाही; बाबांशी खेळतेय म्हटलं की तासभर कुणी विचारायचं नाही."

"माझी आकृती आहे!"

"आकृतीत डोळे कुणाचे धरले होते, बाबा?"

मुलगी आणि जावई गेल्यावर प्राध्यापकांनी खोलीचं दार लोटून घेतलं. टेबल होतं तिथेच होतं. त्यामागे, आपल्या जुन्या जागी, त्यांनी बैठकीतला लोड आडवा ठेवला. दारात येऊन उभे राहिले. काही दिसलं नाही. आकृती बरोबर होती. मग चौकटीला धरून, गुडघ्यांची क्षमा मागत, ते हळूहळू खाली वाकत गेले, आठ वर्षांच्या मुलीचे डोळे जिथे येतील तिथपर्यंत, आणि त्यांनी टेबलाच्या पायांमधून पाहिलं.

लोड दिसत होता. या टोकापासून त्या टोकापर्यंत, अख्खा. आणि लोड प्राध्यापकांपेक्षा बराच बारीक होता.