दीडशेची गाडी अन् रुतलेली हळद

गाडी छोटी असली म्हणून तिला कमी समजू नये, हे माझं ठाम मत. म्हणून मी माझी लाल हॅचबॅक नांदेडच्या एका गॅरेजात नेऊन टाकली. परत आली तेव्हा टर्बो नवा, सायलेन्सर घागरीएवढा, गाडीच्या मेंदूतला प्रोग्रॅम बदललेला अन् बूड जमिनीला टेकायला आलेलं. मेकॅनिक म्हणाला, "आता दीडशे हॉर्सपॉवर. पाय जपून ठेवा, साहेब."

हिंगोलीत माझं फ्लेक्सचं दुकान आहे. दुकानासमोर गाडी सुरू केली की शेजारच्या हॉटेलातल्या कपबशा नाचू लागायच्या. माझी बायको प्रतिक्षा म्हणायची, "अहो, हिच्यात बसलं की दात हलतात." तिला यातलं काही कळत नाही, असं मी सगळ्यांना सांगत असे.

होळी झाल्यावर आम्ही हट्टा गावी माझ्या सासरवाडीला गेलो. सासरे उकंडराव हळदीचे शेतकरी, बोलणं मोजकं. त्यांनी गाडीभोवती एक चक्कर मारली.

"किती एचपीची म्हणलात, जावईबापू?"

"दीडशे, मामा."

"आपला ट्रॅक्टर पंचेचाळीसचा हाय." ते बराच वेळ मनातल्या मनात हिशेब करत राहिले. "म्हंजे ही एकटी तीन ट्रॅक्टरला भारी."

इथं मी 'तसं नसतं मामा' म्हणायला हवं होतं. पण सासऱ्याच्या डोळ्यांत आपल्याबद्दल आदर रोज थोडाच दिसतो? मी म्हणालो, "बराबर."

दुसऱ्या दिवशी दुपारी आभाळ काळंकुट्ट झालं. वाळलेल्या हळदीची पोती ट्रॉलीत भरून बाजाराला निघाली होती, अन् पांदीच्या कच्च्या वाटेवर कॅनॉलचं पाणी झिरपून चिखल झालेला. ट्रॅक्टर ट्रॉलीसकट रुतला. हळद भिजली तर वर्षाची मेहनत गेली. ड्रायव्हर नरसिंग दुसरा ट्रॅक्टर आणायला पळाला, तर मामांनी त्याला थांबवलं.

"काहून जाऊन राहिला? दारात दीडशेचं उभं हाय."

मी चहाची बशी खाली ठेवली. प्रतिक्षा कानाशी म्हणाली, "अहो, न्हाई म्हणा." पण न्हाई म्हणायला तोंड उघडेपर्यंत अर्धं गाव पांदीकडे निघालं होतं.

सासूबाई द्वारकाबाई तेवढ्या म्हणाल्या, "पोती उतरवा. रिकामा ट्रॅक्टर आपसूक निघंल." त्यांचं कोणी ऐकलं नाही. सगळे गाडीकडे बघत होते.

ट्रॅक्टरच्या पुढं, कोरड्या जागेवर मी गाडी लावली. दोर मागं कुठं बांधायचा हे मलाच ठाऊक नव्हतं. नरसिंगनं बंपरखाली हात घातला आणि जे हाताला लागलं त्याला गाठ मारली. मी पाय दाबला. सायलेन्सर असा गरजला की बांधावरची बैलं दावं तोडून उधळली. पुढची चाकं जागच्या जागी गरगरली, अन् करपल्याचा वास आला. माझा क्लच होता तो.

"अजून एक डाव, बापू," मामा म्हणाले.

मी डोळे मिटून पाय तळापर्यंत दाबला. कडाड आवाज झाला अन् गाडी सुसाट सुटली. निघाला ट्रॅक्टर, असं वाटून मी आरशात पाहिलं. ट्रॅक्टर होता तिथंच होता. त्याच्यापुढं दोराला बांधलेला माझा बंपर पडला होता. ब्रेक आठवेपर्यंत मी वळण सोडून पाण्यानं भरलेल्या वावरात शिरलो होतो, अन् गाडी दारापर्यंत चिखलात बसली.

कोणी हसलं नाही, याचाच मला जास्त धक्का बसला. मामा चिखल तुडवत खिडकीशी आले.

"लागलं तर न्हाई ना?"

"न्हाई, मामा."

"मंग उतरा. पोती उतरवू."

दार उघडेना, म्हणून खिडकीतून बाहेर पडलो. गावाबरोबर मीही पाठीवर पोती वाहिली. घाम अन् हळद एक झाली. रिकामा ट्रॅक्टर एका दमात निघाला, तेव्हा सासूबाई कोणाकडेही न बघता नुसत्या पदरानं तोंड पुसत राहिल्या. पोती पुन्हा भरली, वर ताडपत्री ताणली, अन् मग पहिले थेंब पडले. हळद वाचली. त्याच ट्रॅक्टरनं माझी गाडी शेळीसारखी ओढत नेऊन गोठ्यात म्हशीजवळ उभी केली.

दोनदा साबण लावला, पण अंगावरचा हळदीचा रंग काही जाईना. संध्याकाळच्या एसटीत शेजारच्या म्हातारीनं मला कपाळापासून कोपरापर्यंत न्याहाळलं.

"लगीन कधी हाय, बाबा?"

"झालंय, मावशी. सासरवाडीहूनच येऊन राहिलो."

म्हातारीनं मान हलवली अन् खिडकीकडे सरकत म्हणाली, "तरी म्हणलं, नवरदेवाचं तोंड एवढं पडलेलं नसतंय."

प्रतिक्षा हिंगोली येईपर्यंत पदरात तोंड घालून बसली होती. तिला एसटी लागते, असं मी कंडक्टरला सांगितलं.