उष्णतेच्या धड्याचा दाखला

सोमवारी तिसऱ्या तासाला नववीच्या विज्ञानाच्या पुस्तकातला ‘उष्णता’ हा धडा शाळा सोडल्याचा दाखला मागायला मुख्याध्यापक ठळे सरांकडे आला. अर्ज रीतसर लिहिलेला होता. आपली अकरा पानं सावरत तो खुर्चीच्या कडेला बसला.

ठळे सरांनी अर्ज वाचला आणि विज्ञानाच्या घरत मॅडमना बोलावून घेतलं.

“दाखल्यावर कारण लिहावं लागतं,” सर म्हणाले.

“एकोणीस वर्षांत कुणी वाचलं नाही, असं लिहा,” धडा म्हणाला.

हे मॅडमच्या जिव्हारी लागलं. “असं कसं? माझा निकाल शंभर टक्के आहे. पहिल्याच दिवशी मी महत्त्वाची वाक्यं सांगते, मुलं लाल पेन्सिलीने खुणा करतात. आठवड्यात सगळं तोंडपाठ!”

“खुणा सतरा वाक्यांना आहेत,” धडा म्हणाला. “माझी वाक्यं दोनशे चार.”

नोकरीच्या पहिल्या दिवशी मॅडमनी हाच धडा शिकवला होता. “सर, याला थांबवा ना,” त्या म्हणाल्या. ठळे सरांनी नियम पाहिला आणि वर्गात एक तास सुनावणी ठेवली. एकाने जरी वाचलं, तरी अर्ज मागे घ्यायचं धड्याने कबूल केलं.

वर्गाने उभं राहून नमस्ते केलं. मग सतरा वाक्यं एका दमात, एका सुरात म्हणून दाखवली. धड्याने मान हलवली आणि आपलं दुसरं पान पुढे केलं.

“खूण नसलेलं एखादं वाचा.”

“मॅडम, हे परीक्षेला आहे?” मागून कुणीतरी विचारलं. मॅडमना लाज वाटली. वीस मिनिटं गेली. ठळे सरांनी दाखल्यावर ‘वर्तन : चांगले’ असं लिहून ठेवलं.

तेवढ्यात प्रणिता नाखवा उभी राहिली. तिच्या घरी मासळीचा धंदा. बोट ठेवून तिने सावकाश वाचलं, “बर्फ वितळत असताना त्याला उष्णता मिळत राहते, तरी त्याचे तापमान वाढत नाही.” ती थांबली. पुन्हा वाचलं.

“मॅडम, मना नाय समजला.”

वर्ग हसला. मॅडमना वाटलं, एकुलती एक आशा गेली!

“पेटीतला बर्फ मी रोज बघते,” प्रणिता म्हणाली. “उष्णता आत जाते, मग तापमान वाढत का नाय? ती जाते कुठं?”

मॅडमनी उत्तर द्यायला तोंड उघडलं. सतरा वाक्यांत ते नव्हतं. त्या पुस्तक घेऊन प्रणिताच्या बाकावर जाऊन बसल्या.

“मलाही नाही समजलं गं,” त्या म्हणाल्या. “पुढचं वाच बघू.”

धड्याने सरांकडून अर्ज परत मागून घेतला.

घंटा झाली तेव्हा चार ओळी वाचून झाल्या होत्या. परीक्षा शनिवारी होती. पाचव्या ओळीला शंका विचारायला मॅडमनी स्वतःच हात वर केला.