शंभरपैकी चौऱ्याण्णव

"नव्वद! महिन्याभरात नव्वदच्या वर नेऊन दाखवतो!" भर मीटिंगमध्ये दादांनी जाहीर केलं, तेव्हा त्यांना शंभरपैकी एकसष्ट गुण होते.

दादा म्हणजे ऑफिसातले सर्वांत जुने प्रोग्रामर. दातांच्या दवाखान्यांना अपॉइंटमेंट देणारं सॉफ्टवेअर ते लिहायचे. कंपनीने नुकतंच एक टूल आणलं होतं. ते दिवसभर प्रत्येकाचा कोड वाचायचं, त्यात नोंदलेल्या चुका मोजायचं आणि गुण द्यायचं. पोरांनी त्याचं नाव ठेवलं हेडमास्तर! गुण झळकायचे पाण्याच्या मशीनवरच्या पडद्यावर. म्हणजे तहान लागलेल्या प्रत्येकाला दादांची प्रगती कळायची सोय.

दादांचा कोड तसा वाईट नव्हता हो. पण तो तपासणारी टेस्टर त्यांची स्वतःची बायको होती. ऑफिसात सगळे तिला वहिनीच म्हणत. चुका शोधण्यात तिचा हात धरणारं कोणी नव्हतं, आणि दादांच्या चुकांचा तर तिला घरचा सराव होता.

"अगं, जरा दमानं घे ना," घरी दादांनी विषय काढला. "तू चूक नोंदवलीस की तो हेडमास्तर माझे गुण कापतो."

"मग चुका करू नकोस."

"नोंदवू नकोस, एवढंच म्हणतोय. घरी आल्यावर सांग, मी गुपचूप दुरुस्त करतो."

"आणि भांडी कोण घासणार?"

"मीच घासतो!"

सौदा ठरला. रोज संध्याकाळी दादा कोपरापर्यंत फेसात, आणि वहिनी ओट्याला टेकून उभी.

"आज एका पेशंटला गेल्या मंगळवारची वेळ मिळाली."

"बरं."

"दुसऱ्याचं वय उणे चार आलं."

"अगं, आधी ते पातेलं दे इकडे!"

गुण चढत गेले. सत्तर, ब्याऐंशी, आणि एके दिवशी चौऱ्याण्णव! मॅनेजरबाईंनी सगळ्यांसमोर टाळ्या वाजवल्या. दादा इतक्या वेळा पाणी प्यायला उठू लागले, की शेजारच्या टेबलावरच्याने त्यांना काळजीने डॉक्टरचा नंबर दिला.

मग बाईंनी वहिनीला केबिनमध्ये बोलावलं. तिचंही कौतुक होणार, असं दादांनी धरूनच ठेवलं होतं. पण ती बाहेर आली ती उतरलेल्या चेहऱ्यानं.

"काय झालं गं?"

"हेडमास्तर टेस्टरलाही गुण देतो. किती चुका नोंदवल्या, त्यावर. मला शून्य मिळालंय."

"शून्य?"

"बाई म्हणाल्या, दादांच्या कोडला टेस्टर लागतेच कशाला? या शुक्रवारपर्यंत बघणार. नाहीतर माझी जागा रद्द."

आपण चौऱ्याण्णवच्या नशेत मिरवत होतो आणि इकडे बायकोची नोकरी चालली होती! दादांना स्वतःची मनापासून लाज वाटली.

"मी जाऊन खरं सांगून टाकतो."

"सांग. म्हणजे दोघंही घरी बसू."

दादांनी डोकं खाजवलं आणि एकदम टिचकी वाजवली. "नव्या भागात मी मुद्दाम चुका घालतो! अशा झकास, की तुला नोंदवताना मजा येईल!"

"कुठे घालणार ते तरी सांग."

"छे! तू प्रामाणिकपणे शोधायच्या."

ठरवून चूक करायची म्हणजे खायचं काम नव्हे. दादा पेन चावत बसले, दोनदा खोडून पुन्हा लिहिलं, एका चुकीवर तर स्वतःच खूश होऊन हसले. अखेर चार नामी चुका घालून नवा भाग त्यांनी वहिनीकडे सोपवला.

शुक्रवारी वहिनी सकाळपासून नोंदवत सुटली, ती जेवायलाही उठली नाही. दुपारपर्यंत पडद्यावर दादा अडतीस! मॅनेजरबाई धावत आल्या. "वहिनी, तुम्ही होतात म्हणून वाचलो! हे असंच दवाखान्यांत गेलं असतं तर? तुमची जागा आता कुणी हलवत नाही. आणि दादा, यापुढे तुमचा कोड आधी वहिनींना दाखवायचा!"

दादांनी मान खाली घातली. आतून मात्र त्यांना फार भरून आलं होतं. बायकोसाठी एवढा मोठा त्याग कोणता नवरा करतो?

घरी पोचल्यावर त्यांना राहवेना. "काय, कशा होत्या माझ्या चुका? ती दाढेची सापडली तेव्हा हसलीस की नाही?"

"कुठली दाढ?"

"अगं, डावी दाढ निवडली की उजवी नोंदली जाते!"

"ती नाही दिसली मला."

"बरं, अपॉइंटमेंट रद्द केली की दोन मिळतात, ती?"

"नाही."

दादांनी उरलेल्या दोन्ही सांगितल्या. वहिनीने दोन्हींना नकारार्थी मान हलवली.

"एकही नाही? मग दिवसभर तू नोंदवलंस तरी काय?"

वहिनीला त्यांची दया आली. "अरे, ते तू नेहमीसारखं लिहिलेलं होतं ना, ते."

दादा मटकन खुर्चीत बसले. वहिनीने लॅपटॉप उघडला. "हं, आता त्या चारही नीट सांग. डावी दाढ. पुढची?"

"त्या निदान मुद्दाम केलेल्या म्हणून लिही," दादा कसेबसे म्हणाले.

"तसा रकाना नाहीये रे," वहिनी म्हणाली, आणि लिहू लागली.