शेततळ्यात सात नंबरची काठी

"एकशे सत्तर," सुरेखाबाईंनी यंत्रावरचा आकडा वाचला आणि नवऱ्याच्या दंडावरचा पट्टा फर्रकन सोडला. "घरून निघताना एकशे चाळीस होतं. तीन फटक्यांत तीस वाढलं."

"फटक्यांनी न्हाई वाढलं. तू कानाशी बोलून राह्यली म्हणून वाढलं," मच्छिंद्र सर म्हणाले.

"मी एक शब्द बोलले न्हाई."

"श्वास तर घेऊन राह्यली ना? तेवढ्यानं ध्यान हटतं."

आष्टीच्या शाळेतून मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झाल्यापासून सरांचा राग रिकामा झाला होता. शाळेत तो सातशे मुलांमध्ये वाटला जायचा. आता तो जिथे सर जातील तिथे सगळाच्या सगळा जायचा. देवळामागच्या खोलीत कॅरम खेळायला गेले, तर महिन्याभरात त्यांनी भरल्या डावात बोर्ड उलटा केला. मग जालन्याचे डॉक्टर म्हणाले, "सर, ज्यात समोर माणूसच नसतो, असा एखादा खेळ धरा. भांडायला कोणी नको." पुण्याचा पुतण्या हरिओम याने हे ऐकलं आणि त्याच्या साहेबाने टाकून दिलेली गोल्फची पिशवी एसटीने पाठवून दिली. तिच्यात नऊ काठ्या होत्या आणि चाळीस चेंडू.

सोयाबीन काढून मोकळ्या पडलेल्या आपल्याच वावरात सरांनी खेळ मांडला. तीन महिन्यांत त्यांच्या लक्षात आलं, की समोर माणूस नसला की माणूस स्वतःशी भांडतो आणि तिथे मध्ये पडायला कोणी नसतं.

आज तर सगळंच बिनसलं होतं. पहिल्या फटक्याला चेंडूऐवजी ढेकूळ उडालं आणि ते मात्र चांगलं लांब गेलं. दुसरा चेंडू आडवा जाऊन शेजारच्या काकासाहेबांच्या मोसंबीत शिरला. तिसऱ्या वेळी काठी हवेतून फिरली, सर स्वतःभोवती फिरले आणि चेंडू होता तिथेच राहिला.

"त्या मोबाईलवाल्या मास्तरानं काय सांगितलंय?" सुरेखाबाईंनी विचारलं.

मोबाईलमधला हिंदी बोलणारा प्रशिक्षक रोज सांगत असे, की वाईट फटक्याचा राग फक्त दहा पावलं सोबत ठेवावा. दहा पावलं चालताना हवं तेवढं चिडावं आणि अकराव्या पावलाला सगळं विसरून पुढच्या फटक्याला लागावं. सल्ला बरोबर होता. पण तो ज्यांचे चेंडू शंभर पावलं जातात त्यांच्यासाठी होता.

सरांनी पिशवीतून सात नंबरची काठी काढली, डोळे मिटले, तीन श्वास घेतले आणि चौथा फटका मारला. चेंडू चार पावलांवर जाऊन थांबला.

सर निघाले. एक, दोन, तीन, चार. चेंडू आला, पण राग अजून सहा पावलांचा शिल्लक होता. राग पुरा केल्याशिवाय खेळायचं नाही, हा नियम. म्हणून सर चेंडू ओलांडून पुढे गेले. दहा झाली, तरी राग कमी व्हायचं नाव नाही. सर चालतच राहिले. वीस, तीस. असे ते काकासाहेबांच्या शेततळ्याच्या बांधावर चढले आणि तिथे उभं राहून त्यांनी हातातली काठी गरगर फिरवून फेकून दिली. काठी जाळीच्या कुंपणावरून गेली आणि तळ्याच्या मधोमध पाण्यात पडली. त्या दिवसाचा सगळ्यात सरळ फटका तोच होता.

"झालं समाधान?" मागून धापा टाकत आलेल्या सुरेखाबाई म्हणाल्या.

"काढतो मी. उतरतो आत."

"तळ्यात पाय ठेवून तर बघा! सगळा कागद शेवाळलेला आहे. घसरला माणूस की वर येत न्हाई. गेल्या साली रामकिसनची म्हैस गेल्ती ना अशीच?"

शेततळ्याच्या तळाशी आणि उतारावर अंथरलेल्या जाड काळ्या प्लास्टिकला सगळे कागदच म्हणतात. त्या कागदावरच तळ्याचं सगळं असतं. तो शाबूत तर पाणी शाबूत, आणि पाणी शाबूत तर उन्हाळाभर मोसंबी जिवंत.

सर विहिरीवर गेले आणि बादली काढायचा लोखंडी गळ दोरीसकट घेऊन आले. कुंपणापाशी उभं राहून त्यांनी तो मधोमध फेकला आणि ओढला. काही लागलं नाही. पुन्हा फेकला. सहाव्या वेळी गळ काठावर येता येता कशात तरी घट्ट अडकला.

"घावली!" सर ओरडले.

"हळू ओढा. काठी आहे का दुसरंच काही, बघा तर आधी."

"तू मला शिकवू नको," म्हणत सरांनी दोन्ही हातांनी हिसडा मारला. गळ एकदम सुटला आणि सर पाठीवर पडले. गळाच्या टोकाला हातभर काळा कागद लोंबत होता. पाण्यात, काठापासून थोडं खाली, बुडबुडे निघत होते.

थोड्या वेळाने बांधाच्या बाहेरच्या अंगाला माती ओली दिसायला लागली.

"जा आता. सांगा काकासाहेबांना," सुरेखाबाई म्हणाल्या.

"सांगतो ना. थोडं थांबून."

"बांध भिजून राह्यलाय आणि तुम्ही थांबता? पोरं खोटं बोलली की छडी मारायचे ना तुम्ही?"

सर उठले. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना आपण पोरासारखे चालतोय असं वाटलं. काकासाहेब मोसंबीला आळी करत होते. सगळं ऐकायला त्यांना पाच मिनिटं लागली, कारण सर मध्ये मध्ये प्रशिक्षकाला, डॉक्टरांना आणि हरिओमला दोष देत होते.

काकासाहेबांनी फावडं झाडाला टेकवलं. "लागलं तर न्हाई ना तुम्हाला कुठं?"

"मला? तुमचा कागद फाडला मी!"

"कागद काय, जोडता येतो. जल्दी मोटार चालू करतो. फाटलंय तिथवरचं पाणी बागेला देऊन टाकू. तसंही आज पाण्याची पाळी होतीच. काठी राहू द्या तळाला, तळं आटल्यावर निघंल."

ते चिडले असते तर सरांना बरं वाटलं असतं. ज्याच्याशी भांडता येईल अशी एकही गोष्ट काकासाहेबांनी उच्चारली नाही. पंचक्रोशीत त्यांची ख्यातीच तशी होती. गारपिटीत बाग झोडपली गेली तेव्हासुद्धा ते "चालायचंच" म्हणाले होते.

"जोडकाम मी करणार," सर म्हणाले. "बिलकुल न्हाई म्हणायचं न्हाई."

दुसऱ्या दिवशी सकाळी पाणी फाटक्या जागेच्या खाली गेलं होतं. कमरेला दोर बांधून सर उतारावर बसले. वरचं टोक काकासाहेबांनी लिंबाच्या झाडाला बांधलं. कागद पुसायचा, वाळवायचा, घासायचा, गोंद लावायचा, तुकडा ठेवायचा आणि दहा मिनिटं तळहाताने दाबून धरायचा. घाई केली की कोपरा उचलतो. दोन कोपरे उचलल्यावर सरांनी घाई सोडली. तिसरा कोपरा बसला आणि सरांना तो इतका आवडला, की ते त्याच्यावरून उगाचच हात फिरवत राहिले.

काकासाहेब वर बसून कंटाळले. सुरेखाबाईंनी काल उचलून आणलेली सरांची पिशवी बांधावरच पडली होती.

"सर, एखादी मारून बघू का?"

"बघा की."

पहिलाच चेंडू सुंदर उंच गेला आणि सरांच्या वावराच्या पार टोकाला जाऊन पडला. काकासाहेब हसले. "सोपं आहे की हे!"

सरांना मनापासून त्यांची दया आली.

पुढचा चेंडू बोरीच्या झाडात गेला. त्याच्या पुढचा हललाच नाही. काकासाहेबांनी टोपी काढून ठेवली. तासाभराने त्यांनी सदऱ्याच्या बाह्या वर केल्या. सर खालून म्हणाले, "डोकं खाली ठेवा, काकासाहेब."

"तुम्ही जरा गप ऱ्हाता का?" वरून आवाज आला.

काकासाहेबांचा असा आवाज कोणी ऐकला नव्हता. भाकरी घेऊन आलेल्या त्यांच्या बायको मीनावहिनी तर बांधावरच थांबल्या.

सायंकाळी कागद जोडून झाला. काकासाहेब मात्र थांबले नाहीत. त्या दिवशीच काय, आठ दिवस ते थांबले नाहीत. मोसंबीची आळी अर्धवट राहिली आणि बोलणं तर त्याहून अर्धवट. सरांच्या वावरात पहाटेपासून ढेकळं उडत होती. सर वावराच्या कडेला धुऱ्यावर चटई टाकून पेपर वाचत होते, आणि चारही पानं वाचून झाली तरी त्यांना कोणाचाच राग येत नव्हता.

नवव्या दिवशी मीनावहिनी सरांच्या घरी आल्या. त्यांनी सुरेखाबाईंनी दिलेला चहासुद्धा घेतला नाही.

"सर, तीस वर्षांत ह्यांनी मला 'अगं' म्हणून आवाज चढवला न्हाई. काल मी जेवायला बोलवायला गेल्ते, तर म्हणले, मधी बोलू नको, फटका गेला माझा! तुम्ही ह्यातून गेलेले आहेत. बराबर सांगा, हे किती दिवस चालतं?"

सरांनी चष्मा काढला. प्रश्न विचारपूर्वक उत्तर देण्यासारखा होता.

"माझं तीन महिन्यांत आटपलं, वहिनी," ते म्हणाले. "पण मी पडलो तापट माणूस. काकासाहेबांच्या अंगात धीर आहे. त्यांना वेळ लागेल."